रोगसंशोधनाची वाट कोल्हापुरातून धरताना: पहिल्या नोंदवहीपासून पहिल्या फेलोशिपपर्यंत

दर उन्हाळ्यात परीक्षा संपल्या की माझ्याकडे दोन-चार मुलं-मुली येतात. कुणी राधानगरीचं, कुणी गडहिंग्लजचं, कुणी इथलंच राजारामपुरीतलं. बी.एस्सी.चं दुसरं किंवा तिसरं वर्ष, विषय सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायन नाहीतर प्राणीशास्त्र. प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: "मॅडम, रोगांवर संशोधन करायचं तर डॉक्टरच व्हायला लागतं का? नीटला मार्क कमी पडले. आता संपलं का सगळं?" शेजारी बसलेली आई काही बोलत नाही, पण तिलाही तेच विचारायचं असतं.

संपलेलं नाही. कमल रणदिवे यांचं उदाहरण मी आधी सांगते. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या या मुलीनं डॉक्टर व्हावं अशी वडिलांची इच्छा होती. ती वळली वनस्पतिशास्त्राकडे. सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांवर तिनं एम.एस्सी. केलं, मग मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली कर्करोगाच्या संशोधनात शिरली, आणि पुढे भारतातली पहिली ऊतिसंवर्धन (शरीराबाहेर पेशी वाढवण्याची) प्रयोगशाळा तिनंच मुंबईत उभी केली. १९८२ साली पद्मभूषण मिळालं. झाडाच्या गुणसूत्रांपासून माणसाच्या कर्करोगापर्यंत जाता येतं, कारण पेशीकडे बघायची शिस्त दोन्हीकडे एकच.

ती शिस्त कशी लावून घ्यायची, कुठल्या क्रमानं पुढे जायचं, कोल्हापुरात राहून त्यातलं काय काय करता येतं, हे खाली लिहिते आहे. यंत्रं, पदव्या, परीक्षा सगळं येईल. पण सगळ्यात आधी एक दोनशे पानी वही आणा. का, ते वाचता वाचता कळेल.

पहिली पायरी: प्रश्न हातात मावेल एवढा करा

"मला कॅन्सरवर काम करायचंय" असं म्हणणारी मुलं मला आवडतात, पण ती इच्छा झाली. इच्छेवर प्रयोग करता येत नाही. तिचा प्रश्न करावा लागतो, आणि प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही.

पुराचंच घ्या. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगा कुठवर आली होती ते आपण डोळ्यांनी पाहिलं. पाणी ओसरलं की घरातला, गोठ्यातला चिखल काढायचा, तोही बहुतेक वेळा अनवाणी. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून लेप्टोस्पायराचे जिवाणू त्या पाण्या-चिखलात उतरलेले असतात आणि पायाच्या भेगेतून, खरचटल्या जागेतून अंगात शिरतात. "पूर आला की लेप्टो (या जिवाणूंमुळे येणारा ताप) वाढतो" हे सगळे म्हणतात. त्याचा प्रश्न असा करता येईल: पूर ओसरल्यानंतरच्या चार आठवड्यांत तापानं दवाखान्यात आलेल्या रुग्णांपैकी ज्यांनी चिखल काढला होता त्यांच्यात लेप्टोचं प्रमाण, ज्यांनी काढला नव्हता त्यांच्यापेक्षा जास्त आहे का? आता यात कोण, कधी, कशाशी तुलना हे सगळं आलं. वहीत हे वाक्य लिहा. दहा वेळा खोडा, पुन्हा लिहा. माझ्या अनुभवात चांगला प्रश्न तयार व्हायला महिना जातो, आणि तो महिना वाया जात नाही.

आता याच उदाहरणात जरा खोल जाऊ, कारण नवख्यांना जे कुणी सांगत नाही ते इथं आहे. ताप आल्यावर पहिल्या आठवड्यात हे जिवाणू रक्तात असतात, तेव्हा पीसीआरनं (जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीनं) ते सापडू शकतात. शरीरात प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण पाच ते सात दिवस लागतात, म्हणून तिसऱ्या दिवशी केलेली इलायझा, म्हणजे प्रतिपिंडं शोधणारी चाचणी, निगेटिव्ह आली तरी लेप्टो नाही असं म्हणता येत नाही. त्यासाठीच बरेचदा दहा-चौदा दिवसांनी दुसरा नमुना घेतात आणि प्रतिपिंडं किती पटीनं वाढली ते बघतात. म्हणजे ट्यूबवर नाव आहे, वय आहे, तारीख आहे, पण "तापाचा कितवा दिवस" हे लिहिलेलं नसेल, तर लाखाच्या यंत्रात घालूनही त्या रक्ताचा अर्थ लागत नाही. एका आकड्याची नोंद राहिली आणि नमुना मुका झाला.

डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचं काम या बाबतीत मला फार मोलाचं वाटतं. महाडच्या परिसरात विंचूदंशाचे रुग्ण यायचे, लाल विंचू चावलेले. त्यातले सुमारे चाळीस टक्के दगावायचे. त्यांनी रुग्णाच्या खाटेजवळ बसून पाहिलं आणि लिहिलं: घाम कधी सुटला, ओकारी कधी झाली, हातपाय कधी गार पडले, रक्तदाब कसा चढला, श्वास कधी लागला. त्या नोंदींतून दिसलं की विषामुळे हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर प्रचंड ताण येतो. मग रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरलं, आणि मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. हे काम लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथं मोठी प्रयोगशाळा नव्हती. रुग्ण होते, घड्याळ होतं आणि कागद होता.

दुसरी पायरी: वाचायला शिका, तेही उलट्या क्रमानं

पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या संकेतस्थळावर जाऊन तुमच्या प्रश्नातले दोन-तीन शब्द इंग्रजीत टाका. गोषवारे फुकट वाचता येतात आणि पबमेड सेंट्रलवर लाखो शोधनिबंध पूर्ण मिळतात. बाकीच्यांसाठी १ जानेवारी २०२५ पासून 'एक देश, एक सदस्यता' योजना सुरू झाली आहे. सरकारी विद्यापीठांना आणि संस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिकं तिच्यातून उघडली आहेत. शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात जाऊन विचारा, प्रवेश कसा घ्यायचा ते तिथले लोक दाखवतात.

वाचताना सुरुवात निष्कर्षापासून करू नका. आधी तक्ते आणि आकृत्या बघा, मग पद्धतीचा भाग, मग निकाल. लेखक काय म्हणतो ते सगळ्यात शेवटी. असं केलं की "एवढ्या आकड्यांवरून मी हेच म्हटलं असतं का?" हा प्रश्न आपोआप पडतो. आठवड्याला एकच निबंध वाचा, पण वहीत त्याच्याखाली चार ओळी मराठीत लिहा: विचारलं काय, केलं काय, मिळालं काय, मला काय पटलं नाही. मराठीत लिहिता आलं नाही तर अजून समजलेलं नाही, पुन्हा वाचा.

तिसरी पायरी: लॅब शोधा

कोल्हापुरात सुरुवात करायला पुरेशा जागा आहेत. शिवाजी विद्यापीठात (स्थापना १९६२) जैवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि प्राणीशास्त्र हे विभाग आहेत. कसबा बावड्यात डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठ आहे, तिथं वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर आंतरविद्याशाखीय संशोधनाचं केंद्रही आहे. सीपीआर या सरकारी रुग्णालयाला जोडलेलं राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रोग म्हणजे काय हे बघायचं असेल तर सीपीआरच्या ओपीडीसमोर सकाळी तासभर बसावं, असं मी जैवरसायनाच्या मुलांनाही सांगते.

बेळगाव दोन-अडीच तासांवर. तिथं आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था आहे, आणि ती आपल्या मुलांच्या यादीत क्वचितच असते याचं मला वाईट वाटतं. पुण्यात राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था (एनआयव्ही), पेशीविज्ञानाची एनसीसीएस आणि विज्ञान शिक्षण-संशोधनाची आयसर. मुंबईत परळला हाफकिन संस्था, खारघरला कर्करोगावरचं ॲक्ट्रेक.

एनआयव्हीचं एक काम इथं सांगितलंच पाहिजे, कारण ते आपल्या इचलकरंजीशी येऊन भिडतं. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली, सुमारे २९ हजार लोक पिवळे पडले. यमुनेत सांडपाणी मिसळलं होतं. सगळ्यांनी धरून चाललं की ही हिपॅटायटिस ए. पण त्या साथीतले रक्तजलाचे (सीरमचे) नमुने कुणीतरी नीट लेबल लावून जपून ठेवले होते. वीसेक वर्षांनी ए आणि बी ओळखणाऱ्या चाचण्या आल्या, तेव्हा पुण्याच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी ते जुने नमुने तपासले आणि १९८० साली लिहिलं की हा आजार एही नाही आणि बीही नाही. पुढं त्या विषाणूला हिपॅटायटिस ई हे नाव मिळालं आणि दिल्लीची ती साथ त्याचीच असल्याचं सिद्ध झालं. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली ती याच ई ची. घरोघरी माणसं पडली होती आणि माणसं गेलीही. गरोदर बाईला हा विषाणू जास्त घातक ठरतो, एवढं आज आपल्याला माहीत आहे, त्यामागं असे जपून ठेवलेले नमुने आहेत.

आता लॅबला मेल कसा लिहायचा ते. इंग्रजीत, पंधरा ओळींच्या आत. पहिल्या ओळीत तुम्ही कोण आणि कुठल्या वर्षाला. दुसऱ्या भागात त्या शास्त्रज्ञाचा तुम्ही खरोखर वाचलेला एक निबंध आणि त्यावरचा तुमचा एक प्रश्न. इथं वहीतल्या चार ओळी कामाला येतात. मग तुमच्याकडं नेमका वेळ किती, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. शेवटी हाताला काय येतं ते, खरं तेवढंच. ग्रॅम स्टेन (जिवाणू रंगवून ओळखायची पद्धत) येत असेल तर ग्रॅम स्टेन लिहा. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवलेला लगेच ओळखू येतो. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग पुढचा पत्ता. वीस मेलांना दोन उत्तरं आली तर ते चांगलं समजा. मनाला लावून घेऊ नका, त्या माणसाकडं खरंच वेळ नसतो.

चौथी पायरी: लॅबमधला पहिला पंधरवडा

रक्ताशी किंवा रुग्णांच्या नमुन्यांशी काम असेल तर हिपॅटायटिस बी ची लस आधी. तीन डोस असतात: पहिला, एक महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. म्हणून लॅब मिळायच्या आधीच सुरू करा. सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्यानं धुवा, दाबून रक्त काढू नका, तोंडात घालू नका, आणि त्याच मिनिटाला वरिष्ठांना सांगा. एचआयव्ही टाळण्याची औषधं जितकी लवकर तितकी उपयोगी, ७२ तासांनंतर त्यांचा भरवसा नाही. रागावतील म्हणून लपवणारी मुलं मी पाहिली आहेत. कृपा करून लपवू नका.

कचऱ्याचे रंग पाठ करा: संसर्गित कापूस-बोळे आणि शरीराचे अवयव पिवळ्यात, दूषित प्लास्टिक लालमध्ये, सुया आणि पाती पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. सफाईला येणाऱ्या मावशींचा हात त्या पिशवीला लागणार आहे, एवढं लक्षात ठेवलं की रंग चुकत नाहीत.

मग मायक्रोपिपेट, म्हणजे अगदी थोडा द्रव मोजून घ्यायचं साधन. पहिले दोन दिवस नुसतं पाणी घ्या. १००० मायक्रोलिटर पाण्याचं वजन १ ग्रॅम, १०० मायक्रोलिटरचं ०.१ ग्रॅम. वजनकाट्यावर छोटी ट्यूब ठेवा, शून्य करा, शंभर मायक्रोलिटर दहा वेळा घाला आणि प्रत्येक वजन वहीत लिहा. दहा आकडे एकमेकांच्या एक-दोन टक्क्यांत आले की हात बसला. येत नसतील तर बहुधा अंगठा झटक्यात सुटतोय, किंवा टिप पाण्यात फार खोल बुडतेय. पिपेट आडवी कधी धरू नये, द्रव आत शिरतो.

लेबलाचं मात्र मी स्वतः भोगलेलं सांगते. शिकत असताना, कोल्हापूरबाहेरच्या एका लॅबमध्ये, मी सव्वाशे सीरमच्या ट्यूबांवर साध्या मार्करनं नंबर घातले आणि उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवल्या. तीन महिन्यांनी काढल्या, दव धरलं, बोट लागलं आणि शाई पुसून गेली. साठेक ट्यूब कुणाच्या ते सांगता येईना. ती माणसं दोन तास रांगेत बसून हात पुढे करून गेली होती. त्या दिवसापासून मी थंडीत टिकणारी लेबलं वापरते, नंबर झाकणावर आणि अंगावर दोन्हीकडे घालते, आणि डब्यातल्या जागेचा नकाशा वहीत काढते: कुठला डबा, कितवी ओळ, कितवं घर. नाव कधीच नाही, फक्त सांकेतिक क्रमांक. नावांची यादी वेगळी, कुलपात.

वहीचे नियमही आत्ताच लावून घ्या. शाईचं पेन, पानांवर क्रमांक, तारीख, रसायनाचा लॉट नंबर. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं, व्हाइटनर नाही, पान फाडणं तर नाहीच. फसलेला प्रयोगही पूर्ण लिहायचा. लाइट गेले होते, जनरेटर दहा मिनिटांनी चालू झाला, हेसुद्धा लिहा. पावसाळ्यात निकाल विचित्र आला की याच ओळीत कारण सापडतं.

पाचवी पायरी: माणसाला विचारल्याशिवाय माणसाचं काही घ्यायचं नाही

एक थेंब रक्त असो की प्रश्नावली, माणसांवरचा अभ्यास संस्थेच्या एथिक्स कमिटीनं (नीतिसमितीनं) मान्य केल्यावरच सुरू होतो. ओळखीचा लॅबवाला उरलेलं रक्त देतो म्हणाला तरी नाही. भारतात यासाठी आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे नियम लागू आहेत, आणि २००९ पासून अशा चाचण्यांची सरकारी नोंदवहीत आधी नोंद करणं सक्तीचं आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांना वेगळी समिती असते.

संमतीपत्र मराठीत लागतं, आणि इथं तुमचा खरा उपयोग आहे. भाषांतरित संमतीपत्रं मी पाहते: "सहभागी व्यक्तीस सदर अभ्यासातून कोणत्याही क्षणी निष्कासित होण्याची मुभा राहील." शाहूवाडीच्या आजींना हे काय कळणार? "आजी, तुमच्या दंडातून एक चमचाभर रक्त घेणार. थोडं दुखंल. पैसे द्यायचे न्हाईत, मिळायचेबी न्हाईत. नको वाटलं तर कधीबी न्हाई म्हणा, तुमच्या औषधपाण्यात काय फरक पडणार न्हाई." हे समजतं. कागदावर सोपं प्रमाण मराठी लिहा, आणि तोंडानं सांगताना त्यांच्या बोलीत सांगा. मग त्यांनाच विचारा, "काय समजलं, मला सांगा बघू." त्यांनी सांगितलं तर सही किंवा अंगठा. घाईत घेतलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे.

सहावी पायरी: आकड्यांना घाबरू नका, त्यांच्या खालचा आकडा विचारा

जीवशास्त्र घेतलं म्हणजे गणित सुटलं असं वाटून बरीच मुलं इकडं येतात आणि अडतात. एक हिशोब वहीत करून बघा. एक चाचणी आहे. आजारी माणसाला शंभरात ९५ वेळा आजारी म्हणते, निरोगी माणसाला शंभरात ९५ वेळा निरोगी म्हणते. आजार शंभरात एकाला आहे. दहा हजार लोक तपासले. शंभर आजारी, त्यातले ९५ सापडले. निरोगी ९,९००, त्यातले पाच टक्के, म्हणजे ४९५, चुकून पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ५९०, खरे आजारी ९५. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या सहांपैकी जेमतेम एकाला आजार आहे. तीच चाचणी, तीच अचूकता, पण आजार जिथं निम्म्या लोकांना आहे अशा वॉर्डात केली तर पॉझिटिव्ह आलेल्या शंभरात ९५ खरे निघतील. हा हिशोब ज्याला स्वतःच्या हातानं करता आला त्याला मी लॅबमध्ये घ्यायला तयार असते.

भाजक, म्हणजे एकूण कितींपैकी हा खालचा आकडा, नीट मोजणं किती अवघड आणि किती महत्त्वाचं असतं ते गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं दाखवलं. गावातल्या बायकांना शिकवून त्यांनी प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू नोंदवला. काम केलेली ३९ गावं, तुलनेसाठी ४७ गावं. घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतल्यावर तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले, आणि हे १९९९ मध्ये लॅन्सेटनं छापलं. जन्म मोजलेच नसते तर मृत्यू कमी झाले हे कुणाला दाखवता आलं असतं?

स्प्रेडशीटवर सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन काढायला शिका. मग 'आर' ही आकडेमोडीची फुकट संगणक प्रणाली शिका. एवढं एम.एस्सी.पर्यंत पुरतं.

सातवी पायरी: परीक्षा, पैसा आणि घर

एम.एस्सी.साठी विद्यापीठाची प्रवेशप्रक्रिया असते, शिवाय आयआयटीची जॅम आणि केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी. पीएच.डी.साठी सीएसआयआर-यूजीसी नेट, जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी, आणि गेट. घरच्यांना आकडा हवा असतो, तो सांगा: जेआरएफला, म्हणजे पीएच.डी. करताना मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन फेलोशिपला, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि त्यावर नियमानुसार घरभाडे, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) झाल्यावर ४२,०००. नेट निघाली नाही तरी महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या पीएच.डी. फेलोशिप आहेत. अनुसूचित जाती, मराठा-कुणबी, आणि इतर मागास व भटक्या-विमुक्त अशा त्या क्रमानं. अटी दरवर्षी जाहिरातीतच वाचा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

पैसे भरून पंधरा दिवसांत निबंध छापून देणाऱ्यांचे मेल येतील. तुमचं चांगलं काम तिथं देऊ नका, ते पुन्हा दुसरीकडं छापता येत नाही.

मुलीच्या आईवडिलांशी मी वेगळं बोलते. पाच-सहा वर्षं लागतात हे आधीच सांगते, मधल्या काळात "कधी संपणार?" हा प्रश्न दर दिवाळीला येणार हेही सांगते. शक्य झालं तर त्यांना एकदा लॅब दाखवा. सूक्ष्मदर्शकातून स्वतःच्या गालाच्या पेशी बघितलेले वडील परत जाताना वेगळे दिसतात.

आता लगेच करायचं ते. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन फेलोशिप देतात, अर्ज साधारण नोव्हेंबरपर्यंत असतात. एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची अल्पकालीन शिष्यवृत्ती आहे. अकादम्यांच्या अर्जाला शिक्षकाचं शिफारसपत्र आणि तुमचं एक पानी लिखाण लागतं, का आणि काय करायचंय ते. गणपतीत पहिला मसुदा लिहा, दसऱ्याच्या आत सरांना किंवा मॅडमना दाखवा. शिफारसपत्र मागताना किमान पंधरा दिवस आधी मागा, आणि जाताना ती वही बरोबर घेऊन जा.